मध्यंतरानंतरचा सिनेमा

टाचणीला सगळे टाचणी म्हणत, कारण तिच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असत. लांब पँट आखूड करणं, घट्ट कोट सैल करणं, फाटलेला खिसा असा रफू करणं की तो फाटला होता हे मालकालाही पटू नये, हा तिचा धंदा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन होतं आणि समोर, अख्खी भिंत अडवून, तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेला सोफा होता.

या सोफ्याबद्दल आधी सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यानेच घातला. नवरा सोफ्यांच्या कारखान्यात कारागीर. गिऱ्हाइकांचे सोफे तो मालक सांगेल तसे करायचा, पण घरचा सोफा त्याने मनासारखा केला. स्प्रिंगा हाताने बांधल्या, काथ्या थरावर थर देऊन भरला आणि पाठीला असा बाक दिला की बसणाऱ्याची मान आपसूक मागे जायची. त्या सोफ्यावर बसून जागा राहिलेला माणूस अजून कुणी पाहिला नव्हता. विम्याचा एजंट समजावून सांगायला आला तो स्वतःच्याच वाक्याच्या मध्यावर घोरू लागला. लेकीच्या परीक्षा असल्या की सोफ्यावर खुर्च्या उलट्या मांडून ठेवाव्या लागत.

सोफेवाल्याला जुन्या सिनेमांचं भारी वेड. जेवणं आटोपली की जुने सिनेमे दाखवणारी वाहिनी लावायची आणि सोफ्यावर बसायचं. मध्यंतरापर्यंत गडी डोळ्यांत तेल घालून बघायचा. मध्यंतराची पाटी आली की त्याची मान मागे जायची आणि पाटी जायच्या आत घोरणं सुरू व्हायचं. सकाळी चहाचा कप हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, "शेवट काय झाला गं?"

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा टाचणीची पंचाईत झाली. आदल्या दिवशी नवऱ्याचे डोळे मिटताच तिने टीव्ही बंद केला होता आणि एका गिऱ्हाइकाचा कोट संपवायला मशीनवर बसली होती. खरं सांगावं तर "बंद का केलास" या एका मुद्द्यावर सकाळ वाया गेली असती. म्हणून तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सांगून टाकलं की खुनी म्हणजे तो गोड बोलणारा मुनीम, आणि तो सापडला कोटाच्या बटणावरून. सगळी बटणं काळ्या दोऱ्याने लावलेली आणि एकच निळ्या दोऱ्याने.

सोफेवाल्याचा चहा गार झाला. "वा," तो म्हणाला, "काय डोकं लावलंय."

झालं. त्या दिवसापासून टाचणीला चटकच लागली. तिच्या शेवटांमध्ये हरवलेला मुलगा कोपराच्या रफूवरून ओळखला जाई, मृत्युपत्र कोटाच्या अस्तरात निघे, आणि ढोंगी साधूचं बिंग फुटे ते त्याच्या कफनीची शिवण मशीनची निघाल्यामुळे. एकदा तर तिने एक अख्खी लढाई एका सैल नाडीवर संपवली. तिला स्वतःला कुठल्याच सिनेमाचा खरा शेवट माहीत नव्हता आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. रोज सकाळी एक माणूस चहा विसरून आपल्या तोंडाकडे बघत बसतो, हे सुख तिला लग्नानंतर बऱ्याच उशिरा मिळालं होतं आणि ती ते सोडणार नव्हती.

हे शेवट पुढे कारखान्यात जायचे. जेवणाच्या सुट्टीत अर्धवट झालेल्या सोफ्यांवर बसून जुन्या सिनेमांवर मतं मांडायची, असा तिथला शिरस्ता होता. सांगाडे करणारा सुतार सिनेमातली फक्त दारं बघायचा. "बंगला म्हणे शंभर वर्षांचा," तो सांगायचा, "आणि बिजागऱ्या कालच्या. माझं लक्षच उडालं." पॉलिशवाला सगळ्यालाच रडायचा. एकदा तो हिरोची आई मेली म्हणून रडला, पुढच्या प्रसंगात ती चहा घेऊन आली, तेव्हा कळलं की मेली ती मावशी. "पण एकदा रडायला लागल्यावर कुठे थांबता," असं त्याचं म्हणणं. या दोघांना शेवटाचं काही पडलेलं नव्हतं, त्यामुळे सोफेवाल्याला आडवं जाणारं कुणी नव्हतंच.

"त्या काळच्या दिग्दर्शकांना शिवणकामाची फार जाण होती," तो डबा उघडता उघडता म्हणायचा. "आताच्यांना साधं काज करता येणार नाही."

"अभ्यास होता त्या लोकांचा," सुतार मान डोलवायचा.

असं सगळं सुरळीत चालू असताना लेकीचं लग्न जमायची वेळ आली.

लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. त्या इमारतीची लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत ती होती. दुरुस्तीला जो मुलगा आला त्याने तिला बाहेर काढायला गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावला, पण तिची तक्रार नव्हती. मुलगा सरळ, कामाला चोख, आणि आयुष्यात बापाशी एकदाही खोटं बोललो नाही हे अभिमानाने सांगणारा. शेवटची गोष्ट लेकीला थोडी टोचायची, कारण सगळं घोडं त्या बापापाशीच अडलं होतं.

मुलाचे वडील आयुष्यभर एका थिएटरात ऑपरेटर होते. पडद्याच्या समोर, उंचावरच्या केबिनमध्ये, भोकातून सिनेमा फेकणारे. थिएटर बंद पडलं तरी सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणत. त्यांचं एक तत्त्व होतं: जो माणूस सिनेमा शेवटपर्यंत बघत नाही, तो कशातच शेवटपर्यंत टिकत नाही. थोरल्या मुलीला आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी एवढ्यासाठी परत पाठवलं होतं की मुलाचे काका शेवटच्या पाट्या सुरू होताच उठले.

"ते नाही म्हणाले तर तो पण नाही म्हणेल," लेक आईला म्हणाली. "रडेल, पण नाही म्हणेल. मी ओळखते ना त्याला."

"मग काय करायचं?"

"मी सांगितलंय की बाबा रोज जुना सिनेमा बघतात. ते एकदम खूश झाले. रविवारी दुपारी येतायत. शनिवारी टीव्हीवर 'छत्रीवाला पाहुणा' लागणार आहे. म्हणाले, दोघंही बघून ठेवू, म्हणजे बोलायला बरं पडेल. आई, बाबांना शेवट नीट सांगशील ना?"

"सांगते की," टाचणी म्हणाली.

शनिवारी तिने मनाशी पक्कं केलं की आज टीव्ही बंद करायचा नाही. लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे, आज खरा शेवट बघायचा. सिनेमा तसा बरा होता. एका विधवेच्या घरी एक अनोळखी पाहुणा राहायला येतो. त्याच्या हातात काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, तो ती उघडत नाही. भिजतो, पण उघडत नाही. मध्यंतराला विधवेचा हात हळूहळू त्या छत्रीच्या मुठीकडे जातो, आणि पाटी येते. सोफेवाला घोरू लागला. टाचणीने मशीनकडे पाहिलं आणि मनाला बजावलं की नाही, आज काम नाही, आज नुसतं बघायचं. आणि नीट बघता यावं म्हणून ती येऊन बसली सोफ्यावर.

जाग आली तेव्हा टीव्हीवर कुणीतरी भांडी घासायच्या साबणाबद्दल बोलत होतं.

सकाळी नवऱ्याने कप हातात घेतला. टाचणीने एक दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं की छत्री उघडली तेव्हा आत एक निळं ठिगळ होतं. पाहुण्याच्या मेलेल्या बायकोने लावलेलं. ते विरून जाऊ नये म्हणून तो छत्री उघडत नव्हता. आणि विधवेने ठिगळाचा टाका ओळखला, कारण तसा उलटा टाका एकच बाई घालायची: तिची लहानपणी हरवलेली बहीण.

"म्हणजे तो तिचा मेव्हणा," सोफेवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

टाचणीला त्या शेवटाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी दरदरून घामही फुटला.

दुपारी मंडळी आली. ऑपरेटर उंच, मान एका बाजूला किंचित कललेली, आणि बोलणं असं की शेजारच्यांनाही आमंत्रण असावं; जन्म यंत्राच्या खडखडाटात गेलेला. त्यांच्या मागे त्यांची बायको, बेकरीच्या काउंटरवर उभी राहणारी गोलमटोल बाई, हातात केकचं खोकं. शेवटी लिफ्टवाला, इस्त्री केलेल्या शर्टात अवघडलेला. त्या शर्टाची बाही किंचित लांब आहे हे टाचणीच्या लगेच लक्षात आलं आणि तिने मनातल्या मनात ती दुमडून टाकली.

"इथे बसा, इथे," सोफेवाल्याने सोफ्यावर हात फिरवला.

"नको," ऑपरेटर म्हणाले. "मला स्टूल द्या. केबिनमध्ये स्टूलच होतं. मऊ बसलं की माणूस ढिला पडतो."

स्टूल आलं. आणि खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास इतका छान गेला की टाचणीला वाटलं, उगाच घाबरले. दोघा पुरुषांची मतं तंतोतंत जुळत होती. विधवा जरा जास्तच उसासे टाकते, यावर एकमत झालं. गाण्यात ती जिना चढते ते घर एकमजली आहे, हे दोघांनीही टिपलं होतं. पाहुण्याच्या मिशीवर तर ऑपरेटर मनापासून बोलले.

"पहिल्या प्रसंगात मिशी डावीकडे जाड आहे, दुसऱ्यात उजवीकडे."

"मला वाटलं, मलाच दिसतंय," सोफेवाला म्हणाला.

"नाही, नाही. चिकटवलेली होती. पण माणूस भारदस्त."

"भारदस्त. शंकाच नाही."

लेक आणि लिफ्टवाला एकमेकांकडे बघून हसले. टाचणीने केक कापायला सुरी उचलली. आणि नेमक्या त्या क्षणी सोफेवाला पुढे झुकून म्हणाला, "पण खरी कमाल म्हणजे ते ठिगळ."

"कसलं ठिगळ?" ऑपरेटरांनी विचारलं.

"छत्रीचं. निळं. बहिणीच्या हातचं."

ऑपरेटर हसले, जसं लहान मुलाच्या चुकीला हसतात. "अहो, ठिगळ कुठलं? छत्रीत पीठ होतं."

"पीठ?"

"गव्हाचं पीठ. पाहुणा मूळचा बेकरीवाला. भट्टीवरून पळून आलेला. छत्री उघडली आणि भस्सकन पीठ सांडलं, पिठात पावलं उमटली, त्या पावलांवरून पोलीस आले. मग विधवा त्याच पिठाचा पाव करते, तो पहिला घास घेतो आणि रडतो. चव ओळखतो. ती त्याची वहिनी निघते."

सोफेवाला ताठ झाला. "असं काही नाहीये त्यात. ठिगळ आहे."

"मी तो सिनेमा चालवलाय. आठवडेच्या आठवडे उतरेना म्हणून मालक कंटाळला होता. तुम्ही मला सांगताय?"

"ठिगळच आहे. आणि उलटा टाका आहे," सोफेवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजाला अशी धार आली की टाचणी बघतच राहिली. एरवी हा माणूस भाजीवाल्याशीसुद्धा दोन शब्द चढवून बोलायचा नाही. इथे मुलीचा सासरा समोर बसलाय आणि हा ठिगळासाठी हातघाईवर आलाय.

ऑपरेटर स्टुलावरून उठले. "सिनेमा बघितला नाही तर बघितला नाही म्हणावं. त्याचा मला राग नसता आला. पण खोटा शेवट सांगायचा, आणि तोही माझ्यासमोर? चल रे."

लिफ्टवाला उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लेकीने आईकडे पाहिलं. ती नजर टाचणीच्या काळजात रुतली. आता बोलावं की हा शेवट माझा आहे? म्हणजे नवऱ्याची चारचौघांत नाचक्की. गप्प बसावं? म्हणजे लेकीचं लग्न गेलं.

"बसा हो," इतका वेळ गप्प असलेल्या बेकरीवाल्या बाई म्हणाल्या. "तुमच्या खिशात तो पेनड्राइव्ह असतो ना? त्यात आहे की हा सिनेमा. लावून बघा आणि काय ते एकदा मिटवा. तोवर आम्ही चहा ठेवतो." आणि टाचणीचा दंड धरून त्या तिला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

 बाई पातेलं शोधत होत्या आणि टाचणी त्यांच्या हातांकडे बघत होती. नखांच्या कडेला पांढरं काहीतरी बसलं होतं, कितीही धुतलं तरी न जाणारं.

"ते पीठ," टाचणी हळूच म्हणाली, "तुमचं आहे ना?"

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. "आणि ठिगळ तुमचं?"

टाचणीने मान डोलवली. बाई ओट्याला टेकल्या आणि त्यांना हसू आवरेना, तोंडात पदर कोंबून हसल्या.

"अहो, केबिनमध्ये सिनेमा बघायला वेळ कुठे असतो?" त्या कुजबुजल्या. "एक रीळ चालू असलं की दुसरं गुंडाळायचं, तिसरं चढवायचं. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो, तो आला की दुसरं मशीन सुरू करायचं. ह्यांचं सगळं लक्ष त्या ठिपक्यावर. आणि यंत्रांच्या आवाजात बोलणं तर एक अक्षर ऐकू येत नाही. यांचा ठिपका आयुष्यात एकदा चुकला नाही. सिनेमे मात्र सगळे चुकले."

"मग?"

"मग घरी येऊन मला विचारायचे, तो काय म्हणाला, ती का रडली. मला फुकट पास असायचा ना. पण मी दिवसभर बेकरीत उभी. खुर्चीत बसले की डोळा लागायचा. माणूस एवढ्या आशेने विचारतोय म्हटल्यावर झोपले होते असं कसं सांगणार?" त्या थांबल्या. "काल टीव्हीवर बघतानाही मध्यंतरालाच आमच्याकडे वीज गेली, तर म्हणाले, शेवट मला पाठच आहे. ह्यांना वाटतं, त्या काळी सगळे चोर पिठातच सापडायचे."

"आमच्या ह्यांना वाटतं, दोऱ्यात."

बाहेरून सिनेमाचं संगीत सुरू झालं. दोघींचं हसू मावळलं. आता दोन-तीन तासांत खरा शेवट पडद्यावर येणार होता, आणि त्यात पीठही नसणार आणि ठिगळही नसणार, हे दोघींना चांगलंच ठाऊक होतं. दोन नवरे एकदम तोंडावर आपटणार, आणि त्यात लग्न चिरडणार.

टाचणीने दारातून डोकावून पाहिलं. सोफेवाला नेहमीच्या जागी बसला होता, त्याची काळजी नव्हती. ऑपरेटर स्टुलावर ताठ.

"त्यांना सोफ्यावर बसवायला हवं," ती म्हणाली.

"सोफ्यावर? त्याने काय होणार?"

"तुम्ही फक्त बघा."

ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली आणि खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. "ट्रे ठेवायला काही नाहीये हो. जरा स्टूल देता?"

पाहुणा माणूस नाही कसं म्हणणार? ऑपरेटर उठले आणि सोफ्याच्या अगदी कडेवर, जणू बस चुकेल अशा बेताने बसले. पहिल्या गाण्याला ते इंचभर मागे सरकले. विधवेच्या पहिल्या उसाशाला पाठ टेकली. पाहुणा भिजत घरी येईपर्यंत मान बाकात गेली होती. मध्यंतराची पाटी आली तेव्हा दोन्ही पुरुष, एकाची मान डावीकडे, एकाची उजवीकडे, एका सुरात घोरत होते. बेकरीवाल्या बाईंनी सोफ्याच्या हाताला भक्तिभावाने स्पर्श केला.

"आता बंद करू," टाचणीने सवयीने रिमोट उचलला.

"थांब," लेक म्हणाली. "काय आहे तरी काय छत्रीत? मला बघायचंय."

मग चौघांनी बघितलं. छत्रीत निघालं वॉरंट. पाहुणा वेषांतर केलेला पोलीस, आणि वॉरंट विधवेच्या भावाच्या नावाचं. त्यानंतर थेट कोर्ट. वकील बोलायला लागला तो बोलतच राहिला. मध्ये लिफ्टवाला उठून पाणी पिऊन आला, वकील तिथेच होता. शेवटी भाऊ तुरुंगात गेला, विधवा बोटीत बसून गेली, छत्री कोर्टात बाकावर विसरून राहिली, आणि संपलं.

"याला शेवट म्हणतात?" टाचणी संतापली. "छत्री विसरले? ज्या छत्रीसाठी माणूस न्युमोनिया व्हायची वेळ आली तरी भिजला, ती बाकावर?"

"आणि कुणी काही खाल्लंसुद्धा नाही," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

शेवटचं संगीत दणक्यात वाजलं आणि ऑपरेटर खडबडून जागे झाले. पाठोपाठ सोफेवाला.

"मी झोपलो नव्हतो," ऑपरेटर म्हणाले. "डोळे मिटून ऐकत होतो. काय निघालं? पीठच ना?"

बेकरीवाल्या बाईंनी टाचणीकडे पाहिलं. "पीठ होतं," त्या म्हणाल्या.

"बघा," ऑपरेटर गर्जले.

"आणि ठिगळही होतं," टाचणी म्हणाली. "ठिगळ एका बाजूने उसवलं होतं. पीठ त्यातूनच गळत होतं."

"हो, हो," बाई म्हणाल्या. "उसवलं नसतं तर पीठ सांडलं नसतं. पीठ सांडलं नसतं तर ठिगळ कुणाला दिसलं नसतं."

 ऑपरेटर विचारात पडले. मग ते सावकाश मुलाकडे वळले. "तू बघत होतास. तू सांग. दोन्ही होतं?"

 ज्या मुलाने बापाला कधी खोटं सांगितलं नव्हतं तो बापाकडे बघत होता. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. मग त्याने लेकीकडे पाहिलं, आणि ती कुठेच बघत नव्हती, फक्त हातातली रिकामी बशी गच्च धरून बसली होती.

"दोन्ही होतं, पपा," तो म्हणाला. कान लालबुंद झाले होते, पण तो थांबला नाही. "आधी ठिगळ, मग पीठ. आणि वकील होता एक. फार बोलत होता."

"वकील होता, हे बरोबर," ऑपरेटर म्हणाले. "हातवारे करायचा, ते मला आठवतं." त्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे ठिगळ आलं ते नेमकं ठिपक्याच्या वेळी. मी मशीन बदलत असणार. अख्ख्या जन्मात तेवढं एक ठिगळ सुटलं माझ्याकडून." ते सोफेवाल्याकडे वळले, हात पुढे केला आणि म्हणाले, "व्याही, चुकलो. माणूस तुम्ही शेवटपर्यंत बघणारे आहात."

बेकरीवाल्या बाई डोळे पुसत होत्या. लेक उठून केक वाढायला लागली आणि पहिला तुकडा तिने लिफ्टवाल्याला दिला, सगळ्यात मोठा. निघताना दारात बाई टाचणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "त्या बहिणीची काय गोष्ट आहे ती मला फोन करून सांगा हं." आणि ऑपरेटरांनी जाता जाता सोफ्याचा भाव विचारला.

मंडळी गेली. लेक लिफ्टवाल्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली ती लवकर परत येईना. सोफेवाला कप विसळायला ओट्याशी उभा राहिला आणि टाचणी फडक्याने ते पुसू लागली.

"खरं काय होतं गं छत्रीत?" त्याने विचारलं.

टाचणीच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे खरं. टीव्हीवर."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो कपाच्या कानात बोट घालून निवांतपणे साबण लावत होता. "वॉरंट," ती म्हणाली.

"हात्तिच्या." त्याने कप उपडा घातला. "मला वाटलंच होतं असलं काहीतरी असणार."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"त्या कोटाच्या बटणापासून. त्या दिवशी नुसते डोळे मिटले होते. तू टीव्ही बंद केलास आणि मशीनवर बसलीस, ते ऐकलं की मी. सकाळी म्हटलं, बघू आता ही काय सांगते." तो हसला. "मग रोजच विचारायला लागलो."

टाचणीला एकदम भरून आलं आणि पाठोपाठ रागही आला. "आणि माहीत असूनसुद्धा तुम्ही आज भांडलात? पीठ म्हणाले तर पीठ म्हणून मोकळं व्हायचं होतं."

"तो तुझ्या ठिगळाला खोटं म्हणत होता," सोफेवाला म्हणाला. "मी काय ऐकून घेणार?"

"अहो, पण पोरीचं लग्न मोडलं असतं तर?"

त्याने नळ बंद केला, हात पुसायला तिच्याच फडक्याचं दुसरं टोक घेतलं आणि जराही विचार न करता म्हणाला, "तर तू काहीतरी शेवट केला असतास."